क्लबची दिवाळी २०२५: कौटुंबिक कार्यक्रमांच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट, सोमवार

सगळ्यात आधी पंचांग. यंदा वसुबारस शुक्रवारी १७ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी १८ला, नरक चतुर्दशी २०ला, लक्ष्मीपूजन २१ला, पाडवा २२ला आणि भाऊबीज २३ला. म्हणजे १९ तारखेचा रविवार मधेच मोकळा सापडतो. त्या दिवशी घरी अभ्यंगस्नान नाही, पूजा नाही, पाहुण्यांची वर्दळही सुरू झालेली नसते. नरक चतुर्दशी आणि पाडवा या दोन पहाटांना पुण्यातले चांगले गायक-वादक फार आधीपासून ठरलेले असतात आणि सभासदांनाही आपापल्या नातेवाइकांकडे जायचं असतं. म्हणून क्लबची मुख्य सकाळ १९ ऑक्टोबरला.

त्याआधीचे दोन रविवार हातकामाला: ५ ऑक्टोबरला आकाशकंदील, १२ला किल्ले. दसरा २ ऑक्टोबरला आणि कोजागरी ६ला, त्यामुळे कंदिलाचा रविवार बरोबर मधे बसतो आणि वसुबारसेला कंदील दारात लागायला पुरेसा वेळ राहतो. राज्य मंडळाच्या बऱ्याच शाळांची सत्र परीक्षा दिवाळीच्या सुट्टीआधी असते, म्हणून आठवड्यातल्या संध्याकाळी मुलांना बोलवायचं नाही. जे काही करायचं ते रविवारी सकाळी.

आराखड्याचा नियम एकच: मुलं जिथे हातानं काही करतील तिथून दहा पावलांवर आजी-आजोबांना पाठ टेकून बसायची सोय हवी आणि दोघांना एकमेकं दिसायला हवीत. मुलांचा विभाग एका टोकाला आणि स्टेज दुसऱ्या टोकाला टाकला, की एक पालक तिकडे अडकतो, दुसरा इकडे एकटा बसतो आणि तासाभरात घरी जायची भाषा सुरू होते. जागेचा प्रत्येक नकाशा यापुढे याच नियमावर तपासायचा.

१८ ऑगस्ट, सोमवार

मांडव, खुर्च्या, साऊंड यांचा ॲडव्हान्स आजच दिला. गणपती २७ ऑगस्टला बसतात, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, लगेच २२ला घटस्थापना. या दोन उत्सवांत मांडववाल्यांशी बोलणंही होत नाही, आणि दसऱ्यानंतर फोन केला तर उरलेल्या मोडक्या खुर्च्या येतात. ऑर्डरवर 'पाठीच्या खुर्च्या, हात असलेल्या, १२०' असं स्पष्ट लिहिलं. हात नसलेल्या खुर्चीतून गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

आवाजाचे नियम आणि पहाट यांचा मेळ. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वाद्यांनाही तोच नियम लागू आहे, त्यामुळे 'माइक नको, नुसती सनई लावू' हा मार्गही बंद. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. खासगी जागेच्या हद्दीवर आपल्या साऊंडमुळे ठरलेल्या पातळीच्या वर ५ डेसिबलपेक्षा जास्त भर पडता कामा नये.

यावरून वेळापत्रक असं: ५:१५ला पणत्या लावायला सुरुवात, ५:३०ला फाटक उघडायचं, ६ वाजेपर्यंत रांगोळी, दूध, चहा. पहिला सूर ६ वाजता. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात सूर्य साधारण साडेसहाला उगवतो, त्यामुळे पणत्यांच्या उजेडातलं अर्ध्या तासाचं गाणं आपसूक मिळतं. त्यासाठी नियम वाकवायची काही गरज नाही.

स्पीकर चार, छोटे, डोक्याच्या उंचीवर, तोंड आतल्या बाजूला. दोन मोठे स्पीकर स्टेजवर ठेवले, की पुढच्या रांगेतली लहान मुलं कान झाकतात, मागे शब्द कळत नाहीत आणि शेजारच्या सोसायटीतून तक्रार येते. पोलीस ठाण्यातली ध्वनिक्षेपकाची परवानगी लेखी घ्यायची आणि तिची प्रत फाटकावरच्या रखवालदाराकडे ठेवायची. विचारणा तिथेच होते.

फटाके नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशात दिवाळीला रात्री ८ ते १० हीच वेळ आणि फक्त हरित फटाके असं होतं, आपला कार्यक्रम सकाळचा आहे. शिवाय पणत्या, पतंगी कागद, सुती-रेशमी कपडे आणि धावणारी मुलं एकाच आवारात असताना फुलबाजीसुद्धा नको. त्याऐवजी भोवरे आणि लगोरी.

२० सप्टेंबर, शनिवार

कंदिलाचं सामान. निवडलेला कंदील पारंपरिक, कामट्यांचा. त्याचा सांगाडा म्हणजे एकसारखे सहा चौकोन: चार कोपऱ्यावर उभे, एक वर, एक खाली. मधल्या आठ जागा आपोआप त्रिकोण होतात. एका कंदिलाला २४ कामट्या आणि चौकोन एकमेकांना जोडणाऱ्या १२ गाठी. ६० कुटुंबांसाठी १,४४० कामट्या, तुटफूट धरून १,६०० मागवल्या. लांबी २० सेंटिमीटर, जाडी अर्ध्या पेन्सिलीएवढी.

कामटी कापताना आधीच्या कामटीवर ठेवून पुढची कापली तर फरक वाढत जातो. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी सांगाड्याला पीळ पडतो आणि कागद एका बाजूला ताणून फाटतो. फळीवर दोन खिळे २० सेंटिमीटरवर ठोकून त्यातच प्रत्येक कामटी मापायची. कडा पॉलिश पेपरनं एकदा घासायच्या, कुसळं जातात.

कागद: पतंगी, कंदिलामागे ३ ताव (चौकोनांना एक, त्रिकोणांना एक, झिरमिळ्यांना एक), एकूण २०० ताव. चिकटवायला खळ. एक वाटी मैदा गार पाण्यात गाठी मोडून कालवायचा, मग पाच वाट्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. साठ कंदिलांना सव्वा किलो मैदा पुरतो. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण तो विषारी आहे आणि मुलं बोटं तोंडात घालतात, म्हणून इथे अजिबात नाही. बिनमोरचुदाची खळ दुसऱ्या दिवशी आंबते. ५ तारखेला सकाळी सातलाच करायची.

२८ सप्टेंबर, रविवार

किल्ल्यांची विभागणी. जुलै २०२५मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावानं १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. आपले गटही १२. चिठ्ठ्या टाकून एकेका गटाला एकेक किल्ला. एका गटात ४ ते ५ कुटुंबं आणि शेजारशेजारची घरं मुद्दाम वेगळ्या गटांत, म्हणजे नव्या सभासदांच्या ओळखी होतात.

प्रत्येक गटाला एक पानी नकाशा आणि 'हे चुकवायचं नाही' अशी एक ओळ दिली. राजगडाला मधे बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, त्यातही संजीवनीची दुहेरी चिलखती तटबंदी. लोहगडाला विंचूकाटा, म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी लांब निमुळती माची. पन्हाळ्याला तीन दरवाजा आणि अंबरखाना (धान्याची कोठारं). विजयदुर्गाला एकात एक तीन तट. जिंजी एका डोंगराची नाही, राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्या हव्यात. या एका ओळीमुळे सगळे किल्ले सारखे 'डोंगर आणि वर झेंडा' असे होत नाहीत, आणि आजोबांकडे सांगायला काहीतरी राहतं.

५ ऑक्टोबर, रविवार: आकाशकंदील

वेळ ९ ते ११:३०, सभागृहात. सहा फुटी टेबलावर दोन कंदील, म्हणजे ३० टेबलं. भिंतीच्या कडेनं ४० खुर्च्या आजी-आजोबांना.

पंखे बंद ठेवले. पतंगी कागद इतका हलका असतो की पंखा एकवर असला तरी ताव टेबलावरून उडतो, खळ लागलेली कड दुसऱ्या कागदाला चिकटते आणि सोडवताना दोन्ही फाटतात. पंखे बंद म्हणजे उकाडा, म्हणून काम साडेअकराच्या आत संपवायचं आणि खिडक्या वाऱ्याच्या उलट बाजूच्या उघडायच्या.

वयाप्रमाणे वाटणी अशी: पाचाखालच्यांना झिरमिळ्या कापायला बोथट टोकाची कात्री. पाच ते आठ वयाला आयते बांधलेले चौकोन, त्यांनी फक्त चौकोन एकमेकांना जोडायचे. आठच्या पुढच्यांनी चौकोनापासून सुरुवात. आधी चार उभे चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून गोल उभा करायचा (चार गाठी), मग वरचा चौकोन (चार), मग खालचा (चार). वरचा आधी बांधला तर सांगाडा हातात धरवत नाही, डोलत राहतो.

रबर बँडनं गाठ पटकन पडते, पण रबर उन्हात आठवड्याभरात वाळून तुटतो आणि कंदील ऐन लक्ष्मीपूजनाला ढिला होतो. आधी रबरानं पकडून मग जाड दोऱ्याचे तीन वेढे.

खळ कागदाला लावायची नाही, कामटीला लावायची. कागदाला लावली की रंग सुटतो, लाल ताव पांढऱ्यावर उतरतो. कड कामटीवर दुमडून अंगठ्यानं एकदाच दाबायची. सुकताना खळ कागद ओढून घेते आणि सैल वाटणारा कागद ढोलकीच्या पुडीसारखा ताठ होतो. मुलांना हे आधी सांगायला हवं, नाहीतर ती सैल दिसतो म्हणून पुन्हा ओढतात आणि फाडतात.

प्रत्येक कंदिलासोबत ५ वॉटचा एलईडी दिवा आणि तीन मीटर वायरीचा होल्डर दिला. जुना साठाचा पिवळा बल्ब पतंगी कागदात लावायचा नाही, तापून कागद करपतो. वरचा चौकोन कागदाविना उघडाच ठेवायचा, उष्णता तिथून जाते.

१२ ऑक्टोबर, रविवार: किल्ले

जागा हिरवळीवर घेतली नाही. माती किंवा ताडपत्री आठवडाभर पडली की खालचं गवत पिवळं पडतं. वाहनतळाची फरसबंद पट्टी मोकळी करून सहा बाय पाच फुटांचे १२ तुकडे आखले, मधे तीन फुटांची वाट, म्हणजे चाकाची खुर्ची फिरते. समोर झाडाखाली बाकं.

एका किल्ल्याला: विटा ६०, मोठे दगड १०-१२, गोणपाट ३, लाल माती १२ घमेली, पोयटा ४ घमेली. बारा किल्ल्यांना साधारण पाऊण ब्रास माती लागली. आधी विटा-दगडांचा पोकळ ढीग, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप. नुसत्या मातीचा डोंगर रचला तर ती तिप्पट लागते, आतून ओली राहते आणि तिसऱ्या दिवशी भेगा पडून कडे कोसळतात. लेपाच्या चिखलात मूठभर बारीक कोंडा मिसळला की भेगा कमी.

मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यातून. नेहमीची अडचण म्हणजे मावळा दरवाज्यापेक्षा उंच. मोठे मावळे पायथ्याला, मधले माचीवर, बोटाएवढे बालेकिल्ल्यावर. अशानं डोंगरही आहे त्यापेक्षा उंच दिसतो.

खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग पाण्यात, विजयदुर्ग तीन बाजूंनी. खाली काळं प्लॅस्टिक अंथरून चार बोटं पाणी. ते रोज संध्याकाळी उपसून बदलायचं, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी आठवडा-दहा दिवसांत डास होऊन उडतात. काम माळीकाकांचं, नोंद भिंतीवरच्या कागदावर.

वर चार फुटांवर बांबूच्या चौकटीवर प्लॅस्टिक. ऑक्टोबरात दुपारी चढलेले ढग तासाभरात सर पाडतात. प्लॅस्टिक थेट मातीवर टाकलं तर आत वाफ धरून बी कुजतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज संध्याकाळी अळीव पेरला. रविवारीच पेरला असता तर १९ तारखेपर्यंत लांब होऊन लवला असता. मंगळवारचा अळीव पाचव्या दिवशी बोट-दीड बोट उंच, ताठ आणि गर्द असतो. किल्ल्यामागे ५० ग्रॅम, एकूण ६०० ग्रॅम. बी बादलीत भिजवायचं नाही, अळिवाला चिकट बुळबुळीत आवरण सुटतं आणि गोळे होतात. ओल्या मातीवर कोरडं भुरभुरवून तळव्यानं हलकं दाबायचं, रात्रभर ओलं गोणपाट वर. उभ्या कड्यावर बी घरंगळतं, तिथे पातळ चिखलात कालवून बोटानं लिंपायचं. पाणी फवाऱ्यानंच, दिवसातून दोनदा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नोंदणी बंद. मोठे ४१०, मुलं १२०, आणि ड्रायव्हर, मुलं सांभाळणाऱ्या ताई, क्लबचे कर्मचारी मिळून ४०. एकूण ५७० ताटं. ही चाळीस ताटं हिशेबात पहिल्या दिवसापासून हवीत. ती शेवटी 'उरलं तर' या खात्यात गेली, की ज्या माणसांच्या जिवावर सकाळ उभी राहते ती उपाशी परततात. कर्मचाऱ्यांचा फराळाचा डबा आणि बोनस १८ तारखेला दुपारी, कार्यक्रमाआधी.

मागणी: लाडू ६००, करंज्या ६००, चकल्या १,२०० (ताटात दोन), चिवडा २४ किलो, शंकरपाळे १८ किलो. गरम पोहे: मोठ्यांना ७५ ग्रॅम, मुलांना ४५ ग्रॅम कोरडे, एकूण ४० किलो जाडे पोहे. दूध ५० लिटर, त्यात ३० चहा-कॉफीला, बाकी मुलांना.

केटररला लेखी: परवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक बिलावर, तळणाचं तेल ताजं. शेंगदाणा न घातलेला २ किलो चिवडा वेगळ्या डब्यात, वेगळ्या चमच्यासह, वेगळ्या टेबलावर. दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला शेजारच्या डब्यातला एक दाणाही पुरतो. कांदा नसलेले ५ किलो पोहे आधी करायचे, नंतर कढई बदलायची.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पणत्या ६००, दुपारी पाण्यात बुडवून ठेवल्या, संध्याकाळी पालथ्या घातल्या. कोरडी पणती पहिलं तेल स्वतःच पिते आणि बाहेर पाझरून फरशीवर डाग पाडते. पणतीला दोन चमचे तेल साधारण दीड तास जळतं, एकूण सहा लिटर. मांडणी फक्त कट्ट्यावर आणि कुंड्यांच्या मागच्या बाजूला. वाटेच्या कडेला जमिनीवर एकही नाही, परकर-ओढण्या तिथेच घासतात. वाळूच्या बादल्या ६. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी, टूथपेस्ट किंवा हळद नाही, ही सूचना प्रथमोपचाराच्या टेबलावर मोठ्या अक्षरात चिकटवली.

१९ ऑक्टोबर, रविवार: मुख्य सकाळ

५:३० फाटक. प्रत्येक मुलाच्या मनगटावर कागदी पट्टी, आतल्या बाजूला पालकाचा फोन नंबर. बाहेरून दिसेल असं नाव किंवा नंबर लिहायचा नाही.

६ ते ७:१५ गाणं. बैठक अर्धी सतरंजीवर, अर्धी खुर्च्यांवर, आणि सतरंजी पुढे. स्टेज फूटभरच उंच. उंच स्टेजसमोर लहान मुलं मान वर करून दहा मिनिटांत कंटाळतात, फूटभर उंचीवर ती तबलजीचे हात बघत बसतात. भाषणं नाहीत, सत्कार नाहीत. आवाज सोसवत नाही अशा मुलांसाठी आणि अंगावर पिणाऱ्या बाळांसाठी वाचनालयाची खोली उघडी.

७:१५ फराळ. एकाच ओळीत माणशी आठ सेकंद धरले तरी ५३० जणांना सत्तर मिनिटं. चार टेबलं, प्रत्येक दोन्ही बाजूंनी खुलं, म्हणजे आठ ओळी, पंधरा मिनिटांत सगळ्यांच्या हातात ताट. मुलांचं एक टेबल दोन फूट उंचीचं: लाडू कुठला ते मूल बोट दाखवून स्वतः घेतं आणि घेतलेलं संपवतं. चकली-चिवडा सातच्या आधी ताटात काढायचा नाही, पहाटेच्या दवानं मऊ पडतो. पोहे सहा-सहा किलोचे घाणे, वीस मिनिटांच्या अंतरानं. चाळीस किलो एकदम केले तर शेवटच्या माणसाला कोरडे गोळे मिळतात.

८ ते ९:३० किल्ले, लगोरी, भोवरे. किल्ल्यांना पहिला-दुसरा नंबर नाही. परीक्षक आले की मोठी माणसं मुलांच्या हातातली माती काढून घेतात आणि विकतच्या तोफा येतात. त्याऐवजी प्रत्येक गटातलं एक मूल आपला किल्ला दोन मिनिटं सांगतं: सिंधुदुर्ग मालवणजवळ कुरटे बेटावर, साल्हेर १,५६७ मीटरवर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. पाठांतर नको, बोट लावून दाखवायचं.

भोवरे मातीच्या पट्टीवरच. लोखंडी आर फरशीवर टवके उडवते आणि घसरून पायावर जाते. जाळी (भोवऱ्याची दोरी) गुंडाळायला शिकवणारे आजोबा प्रत्येक पाच मुलांमागे एक.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आवराआवर. मावळे त्या त्या गटातल्या मुलांना घरी. विटा कोठारात, गोणपाटं वाळवून घडी करून. अळिवासकट माती माळीकाकांच्या वाफ्यात, फक्त काळं प्लॅस्टिक आणि तारा आधी वेचून. पणत्या सोड्याच्या गरम पाण्यात उकळून धुतल्या, ५४० पुन्हा वापरता येतील. उरलेल्या कामट्या कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर, नाहीतर वाळवी.

पुढच्या वेळी बदल: पोहे ३६ किलो पुरतील, मुलांचं दूध वाढवावं लागेल. भोवऱ्याच्या जाळ्या दुप्पट, त्या सगळ्यात आधी तुटतात. बसायच्या बाकांवर सकाळी आठनंतर ऊन येतं, तिथे कापड बांधायचं. मांडवाच्या ऑर्डरमध्ये ते जुलैतच घालायचं.